रिपोर्टातली ‘एलव्हीआय’ची ओळ कशी वाचावी

माईंचा रिपोर्ट आला तेव्हा मी मागल्या अंगणात कोकमाची सालं उलथत होते. पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर चार पानांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘काकी, तिसरं पान बघ. रक्तवाहिनीत गेलाय असं लिहिलंय ना?’ माई म्हणजे माझी थोरली जाऊ, वय ६१. डाव्या स्तनातली गाठ काढून बारा दिवस झाले होते. तिसऱ्या पानावर खरंच ओळ होती : ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन – प्रेझेंट, फोकल’. यालाच थोडक्यात एलव्हीआय म्हणतात : कॅन्सरच्या पेशी बारीक वाहिनीत शिरलेल्या दिसल्या, त्याही एखाद्याच जागी. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की माईंचा कॅन्सर रक्तात गेला.

त्या ओळीचा अर्थ तसा होत नाही. पण वाडीला कोण समजावणार? माईंना तरी समजायला हवं म्हणून मी हातातलं सूप ठेवून त्यांच्याकडे गेले.

मी डॉक्टर नाही. रत्नागिरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २८ वर्षं टेक्निशियन होते. निवृत्त होऊन मालवण तालुक्यात सासरच्या घरी आले, त्याला तीन वर्षं झाली. निदान डॉक्टर करत. ज्या काचेवरून ते करत, ती काच मी तयार करायची. त्यामुळे औषधाचं मला विचारू नका. पण ही ओळ कागदावर येण्याआधी काय काय घडतं ते मला पाठ आहे. ती कशी वाचायची आणि कुठे पुन्हा विचारायचं, एवढं सांगते.

आधी ती ओळ सोडून द्या

एक वही घ्या आणि रिपोर्टातल्या पाच गोष्टी आधी उतरवून काढा. एलव्हीआय सहावी. पहिली गोष्ट आकार : २ सेंटिमीटरपर्यंत टी-१, २ ते ५ टी-२, त्याहून मोठी टी-३. कुठे मिलिमीटर लिहितात, कुठे सेंटिमीटर. २२ मिलिमीटरची गाठ २२ सेंटिमीटर वाचून घाबरलेला माणूस मी पाहिलाय.

दुसरी ग्रेड. कॅन्सरच्या पेशी नळ्यांसारख्या रचना किती करतात, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत आणि त्या किती वेगाने दुभंगतायत, या तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर पहिली ग्रेड, ६-७ दुसरी, ८-९ तिसरी. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. आमच्या काउंटरवर महिन्यातून एक तरी माणूस ‘ग्रेड थ्री’ वाचून तिसरी स्टेज समजायचा आणि तिथेच बाकावर बसायचा.

तिसरी गोष्ट काखेतल्या नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, आणि इथे जरा थांबा. आपल्याकडे स्तनातलीही गाठ आणि काखेतलीही गाठच, म्हणून गोंधळ होतो. काखेतल्या त्या मुळातच असतात, प्रत्येकाला असतात. रिपोर्टात त्या अपूर्णांकासारख्या लिहितात. माईंच्या कागदावर ०/३ होतं, म्हणजे तीन नोड काढल्या, तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. १ ते ३ नोडमध्ये सापडला तर एन-१, ४ ते ९ मध्ये एन-२, १० किंवा जास्त तर एन-३. चौथी गोष्ट मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत का. पाचवी ईआर, पीआर, हर-टू : पहिल्या दोन म्हणजे पेशींवर हॉर्मोनचा परिणाम होतो का, तिसरं म्हणजे त्यांच्यावरचं एक प्रथिन वाढलंय का. हर-टूपुढे २+ असेल तर फिश नावाची पुढची तपासणी झाल्याशिवाय ते ना होय ना नाही.

हा क्रम मी मुद्दाम लावलाय. एलव्हीआयचं वजन नोडवर ठरतं. नोडमध्ये कॅन्सर आधीच सापडला असेल, तर पेशी त्या वाटेने गेल्याचं कळलेलंच आहे. ‘वाटेवरही दिसल्या’ या ओळीने चित्र थोडं गडद होतं, पण बदलत नाही. नोड स्वच्छ असतील तेव्हा मात्र ही ओळ कामाची, कारण वाट वापरात होती याची खूण तेवढी एकच उरते. आणि एक गोष्ट लिहून ठेवा : टीएनएम स्टेज (गाठ, नोड आणि दूर पसरणं यांवरून ठरते ती) मोजताना एलव्हीआय धरतच नाहीत. नॉटिंगहॅम इंडेक्स म्हणून एक जुना हिशेब आहे, आकार गुणिले ०.२, अधिक नोडचे गुण, अधिक ग्रेड. त्यातही ती नाही. ‘प्रेझेंट’ लिहिल्यामुळे कुणाची दुसरी स्टेज तिसरी होत नाही.

वाहिनीत म्हणजे कुठे

माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “गो, माका सरळ काय तां सांग. रक्तात गेलो की नाय?”

त्यांच्या पोफळीच्या बागेत बसूनच सांगितलं. पंपाचं पाणी पाइपातून येतं, झाडांना मिळतं. जादा झालेलं जमिनीत पाझरतं आणि कडेच्या चरातून वहाळाला लागतं. पाइपाला पंप आहे, जाड भिंत आहे. चराला यातलं काही नाही. शरीरातही असंच. रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. पेशींच्या मधे पाझरलेलं पाणी गोळा करणाऱ्या लसिकावाहिन्या म्हणजे चर. स्तनातले बहुतेक चर काखेकडे जातात, तिथल्या नोडमधून पाणी गाळलं जातं आणि शेवटी गळ्याच्या मुळाशी ते मोठ्या शिरेत पडतं. चराची भिंत एका पेशीइतकी पातळ, सांधे सैल. त्यामुळे गाठीच्या कडेच्या पेशींना पाइपापेक्षा चरात शिरणं सोपं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ‘वाहिनीत दिसलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा लसिकावाहिनीतच असतं.

मग ओळीत ‘व्हॅस्क्युलर’ का? कारण नेहमीच्या रंगात बारीक लसिकावाहिनी आणि बारीक रक्तवाहिनी खात्रीने वेगळ्या सांगता येत नाहीत. म्हणून दोन्ही मिळून एकच शब्द. वेगळं करायचंच झालं तर खास रंग आहेत : डी२-४० लसिकावाहिनीची भिंत रंगवतो, सीडी३४ मुख्यतः रक्तवाहिनीची, सीडी३१ दोन्हींची. प्रत्येक केसला ते करत नाहीत आणि करायची गरजही नसते.

वाहिनीत शिरलेल्या पेशींपैकी बहुतेक वाटेतच मरतात. एखादी पोचली, रुजली, वाढली तर पुढचं. म्हणजे ‘प्रेझेंट’चा अर्थ, गाठीच्या शेजारच्या एका चरात काही पेशी दिसल्या. पुढे कुठे पोचल्या हे ती ओळ सांगत नाही. उलट ‘नॉट आयडेंटिफाइड’ म्हणजे नाहीच असंही नव्हे. एवढ्या काचा पाहिल्या, त्यांत दिसलं नाही, इतकंच. सुईच्या बायोप्सीच्या रिपोर्टात हे लिहिलं असेल तर त्यावर फार विसंबू नका. सुईत येतो तो तुकडा शेवयाएवढा. खरं उत्तर ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात.

गोट्याची गोष्ट

आता माझ्या कामाचा भाग. काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या रसायनात, मुरते, मग तिच्या चकत्या कापून छोट्या प्लास्टिकच्या जाळीदार डब्यांत भरतात. रात्रभर मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण. सकाळी मेणाची वडी तयार, तिला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, लावून मी ३-४ मायक्रॉनच्या पापुद्र्या काढायची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पापुद्र्या एकाला एक चिकटून पट्टी होते, ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की खालून काच घालून अलगद उचलायची. मग दोन रंग : केंद्रक जांभळं, बाकी गुलाबी.

त्या गुलाबी पसाऱ्यात डॉक्टर गाठीच्या कडेबाहेर बघतात. गाठीच्या आत बघून उपयोग नाही, तिथे सगळंच गिचमिड असतं. बाहेर एखादी पोकळी, पोकळीला चपट्या पेशींचं अस्तर आणि आत कॅन्सरच्या पेशींचा गोळा दिसला, तर एलव्हीआय.

फसगत इथेच होते. फॉर्मालिन आणि अल्कोहोलमध्ये ऊतक आकसतं. कॅन्सरच्या पेशींचा पुंजका आकसला की त्याच्याभोवती रिकामी फट पडते, आणि ती हुबेहूब वाहिनीसारखी दिसते. आमच्या डॉक्टरबाईंच्या मायक्रोस्कोपला दुसरं डोळ्याचं नळकांडं होतं, त्यातून त्या मला दाखवायच्या. एकदा मी म्हटलं, “मॅडम, हे तर गोट्यासारखं दिसतंय.” त्या मूळच्या पुण्याच्या. गोटा म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं. नारळ आत सुकला की खोबरं करवंटीपासून सुटतं, हलवला की खुळखुळतं. करवंटीचा आकार तोच आतल्या खोबऱ्याचा, मधे फक्त सारखी फट. आकसल्यामुळे पडलेली फट ती तशी : आतल्या गोळ्याची कड आणि फटीची कड एकमेकींना जुळतात, आणि फटीला अस्तर नसतं. खऱ्या वाहिनीत गोळा वेगळाच बसतो, चरात अडकलेल्या सोडणासारखा, म्हणजे नारळाच्या सालीसारखा. एका बाजूला टेकलेला, आकार न जुळणारा. अस्तर दिसतं, आणि शेजारी बहुधा आणखी एखादी नेहमीची वाहिनी असते. त्यानंतर बाई माझ्याकडे बघून विचारायच्या, “हा गोटा की खरं?” माझं उत्तर त्या रिपोर्टात घालत नसत अर्थात.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की दोन अनुभवी डॉक्टरांचं याच ओळीवर दुमत होऊ शकतं. आकार मोजपट्टीने ठरतो. ही ओळ डोळ्याने ठरते.

बाटलीकडे लक्ष ठेवा

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर हा भाग दोनदा वाचा. नातेवाइकाच्या हातात खरोखर काही असेल तर ते इथे आहे.

जुलैतली गोष्ट. दुसऱ्या तालुक्यातल्या एका दवाखान्यातून एक गृहस्थ एसटीने गाठ घेऊन आले. बाहेर धो धो पाऊस, डोक्यावर इरलं म्हणून गुंडाळलेलं प्लास्टिक, हातात पिशवी. पिशवीत अरुंद तोंडाची बाटली, बाटलीत सलाइन. गाठ कधी काढली? “काल दुपारी.” बाटलीवर ना वेळ, ना बाजू, फक्त नाव. फॉर्मालिन घातलं, पण उशीर झाला होता. गाठ कडेने लिबलिबीत झालेली. बाटली फोडून काढावी लागली. काचेवर पेशींच्या कडा विरघळलेल्या, अस्तर ओळखू येईना. रिपोर्टात एलव्हीआयपुढे ‘सांगता येत नाही’ असं गेलं. ईआरचा रंगही धड उठला नाही. सुदैवाने त्या बाईंचा सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक जपून ठेवलेला होता, त्यावर ईआर पुन्हा करता आला. एलव्हीआयचं उत्तर मात्र गेलं ते गेलंच. ते गृहस्थ पुन्हा पुन्हा विचारत होते, “मी वाटेत काही चुकलो का?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्यांनी बाटली भरली त्यांचं चुकलं होतं, आणि ते तिथे नव्हते.

तर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरना किंवा सर्जनना नम्रपणे विचारा : गाठ कशात पाठवणार? उत्तर ‘१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन’ असायला हवं. सलाइन नको, स्पिरिट नको, फ्रिजमधला बर्फ नको. गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवी, आणि त्यात एकूण ६ ते ७२ तास. डबा रुंद तोंडाचा, फॉर्मालिन गाठीच्या साधारण दहापट. फॉर्मालिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत मुरतं, म्हणून मोठी गाठ लॅब दूर असेल तर थोडी चिरून ठेवावी लागते. हे काम सर्जनचं किंवा पॅथॉलॉजिस्टचं, तुम्ही सुरी घेऊ नका. डब्यावर नाव, बाजू, काढल्याची तारीख आणि वेळ. वेळ लिहिलेली नसेल तर लिहून मागा. काही जण कपाळाला आठ्या घालतील. घालू देत.

काचा आणि ब्लॉक घेऊन जाताना

माईंची काच मी दुसऱ्या डोळ्यांखाली घालायचं ठरवलं. नोड स्वच्छ आणि एलव्हीआय ‘फोकल’, म्हणजे ही एक ओळ पुढच्या निर्णयात मोजली जाणार होती. नोड सात-आठ भरलेल्या असत्या तर निव्वळ या ओळीसाठी मी कुणाला मुंबईला पळवलं नसतं.

आपल्याकडे रत्नागिरीवाल्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ, सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात. आम्ही परळला टाटा मेमोरियलला गेलो. तिथे बाहेरचा रिपोर्ट असला तरी काचा आणि ब्लॉक आणायला सांगतात आणि स्वतः बघतात. लॅबकडून ब्लॉक मागायला संकोच करू नका. अर्ज द्यायचा, सही करायची, ब्लॉकचे नंबर आणि संख्या लिहिलेली पावती घ्यायची. सगळे मागा : गाठीचे, नोडचे, सुईच्या बायोप्सीचेही. काचा काचांच्या डबीत, ब्लॉक कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा एसटीच्या इंजिनाच्या बॉनेटवर ठेवलेल्या डब्यातलं मेण त्याआधीच मऊ पडतं. आम्ही कुडाळहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडली, डबा माझ्या पर्समध्ये, पर्स उशाखाली. दादरला उतरून परळ जवळच. राहायची सोय नसलेल्यांनी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. ती कॅन्सरच्या रुग्णांसाठीच आहे.

आदल्या संध्याकाळी माईंनी काच बघायला मागितली होती. दिव्यासमोर धरली. कोकमाचं पाणी सांडून पुसल्यावर राहतो तसा नखाएवढा डाग. “एवढोच?” म्हणाल्या, आणि परत माझ्या हातात दिली.

डॉक्टरांना काय विचारायचं

परळला उत्तर तेच आलं : प्रेझेंट, फोकल, गाठीच्या कडेबाहेर एका ठिकाणी. मी विचारलं होतं ते सगळ्यांनी विचारावं. कडेबाहेर दिसलं की गाठीच्या आतच? एका जागी की बऱ्याच ठिकाणी? कारण ‘फोकल’ आणि ‘एक्स्टेन्सिव्ह’ यांत फरक आहे, आणि भरपूर ठिकाणी दिसणं जास्त काळजीचं. शंका असेल तर खास रंग करणार का? केमो आधी देऊन मग ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा; केमोने ऊतक बदलतं आणि ही ओळ वाचणं अवघड होतं. त्वचेच्या लसिकावाहिन्यांत दिसलं असं वेगळं लिहिलेलं असेल, तर ती बाब निराळी. कातडी लाल, सुजलेली, संत्र्याच्या सालीसारखी झाली होती का हे डॉक्टर तपासतील. तसं दिसत असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.

मग खरा प्रश्न : या ओळीमुळे उपचारात काय बदललं? बहुतेक वेळा ती एकटी काही बदलत नाही, तराजू काठावर असेल तेव्हा एका बाजूला झुकवते. नोड स्वच्छ आणि ईआर पॉझिटिव्ह असलेल्या बाईला केमो द्यायची की फक्त हॉर्मोनच्या गोळ्या, किंवा स्तन काढल्यावर रेडिएशन द्यायचं की नाही, अशा ठिकाणी. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे त्यावरचं औषध लागणार ते हर-टूमुळे, एलव्हीआयमुळे नव्हे. माईंची ग्रेड दुसरी, बेरीज ७, ईआर-पीआर दोन्ही पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. डॉक्टरांनी सगळं धरून चार केमो, मग रेडिएशन, मग लेट्रोझोल ही हॉर्मोनची गोळी असं ठरवलं. त्यात या ओळीचा वाटा किती, असं विचारल्यावर म्हणाले, “थोडा. पण होता.” इतकं सरळ उत्तर मला आवडलं.

पुतण्याला मात्र समाधान नव्हतं. रक्तवाहिनीचं नाव आलंय तर रक्ताच्या मार्करच्या तपासण्या करू, पेट स्कॅन करू, असं त्याचं चाललं होतं. लहान गाठ, नोड स्वच्छ, काही त्रास नाही, अशा वेळी पेट स्कॅन सरसकट करत नाहीत. नसत्या ठिपक्यांमागे धावाधाव होते. डॉक्टर सांगतील तर करा. वाडी सांगते म्हणून नको. पैसे राखायचे असतील तर शिधापत्रिका घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आधी जा, उपचार सुरू होण्यापूर्वी. नंतर गेलात तर खर्च झालेले पैसे परत मिळवणं कठीण.

काचा-ब्लॉक परत मिळतात ते फेकू नका. काही वर्षांनी नवी तपासणी निघाली तर याच मेणातून होते. पावसाळ्यात आमच्याकडे कागदाला सुद्धा बुरशी धरते. माईंचा डबा आणि रिपोर्टाची फाइल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, देवघराच्या वरच्या फळीवर, चुलीपासून लांब. रिपोर्टाचे फोटो तीन फोनमध्ये.

पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी. तारीख घेताना कॅलेंडर जवळ ठेवा आणि गणपतीच्या आगेमागे पंधरा दिवसांत मुंबईची तारीख घेऊ नका. आम्ही एकदा घेतली आणि येताना पनवेलपासून कुडाळपर्यंत दाराशी बसून आलो. माईंच्या मांडीवर फाइल होती, फाइलवर कुणाचं तरी मखर.